जागल्यापासून पोलीसशाळेपर्यंत

महाराष्ट्रांतील जुन्या गांवगाड्यांत चोरीच्या तपासाचा एक नियम होता. तो कोणत्याहि सरकारी बुकांत छापलेला नव्हता. परंतु गांवोगांव तो जवळजवळ सारखाच चाले. रात्रीं चोरी झाली कीं सकाळीं गांवचा राखणदार चोराच्या पावलांचा माग काढीत निघे. माग शिवेवर जाऊन पलीकडे उतरला, म्हणजे शेजारच्या गांवच्या राखणदारास बोलावून तो त्याच्या हवालीं करावयाचा. तेथून पुढची जबाबदारी त्या गांवाची. अशा रीतीनें ज्या गांवीं माग विरेल, त्या गांवानें चोर हजर करावा किंवा गेलेल्या मालाची भरपाई करावी. पेशवाई बुडाल्यानंतर जिंकलेल्या मुलखासंबंधीं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत गांवच्या या बंदोबस्ताची माहिती आलेली आहे.

या राखणदारास कोणत्याहि शाळेंत शिक्षण मिळालेलें नव्हतें. पाटलाच्या हाताखालीं जागल्या, महार किंवा रामोशी हे काम करीत आणि ते बापाकडून मुलाकडे येई. गांवांतील प्रत्येकाची चाल, प्रत्येकाचें पाऊल, कोणाच्या घरीं पाहुणा आला आणि कोणाच्या घरीं चूल पेटली नाहीं, हें सर्व त्याला ठाऊक असे. ही ओळख हेंच त्याचें शिक्षण, आणि त्याच्यावर नजर ठेवणारा वरिष्ठ अधिकारी म्हणजे सारा गांव. चुकीची झळ त्याच्याबरोबर गांवालाहि लागत असल्यामुळें तो आपलें काम नीट करतो कीं नाहीं, हें पाहण्यास कोणी निराळा निरीक्षक नेमावा लागत नसे.

परंतु या व्यवस्थेचें चित्र केवळ गोडच रंगवणें सत्याला धरून होणार नाहीं. महारांच्या वतनांत मान थोडा आणि राबणूक फार होती. रात्रंदिवस हांक येईल तेव्हां धांवावयाचें, आणि मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन व बलुतें. या बंधनांतून आपल्या समाजाची सुटका व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक मांडलें. प्रत्यक्षांत हीं कनिष्ठ वतनें कायद्यानें रद्द होण्यास १९५८ साल उजाडावें लागलें. रामोशांची कथा याहून विलक्षण. पुरंदरासारख्या किल्ल्यांची राखण त्यांच्याकडे होती. १८१८ नंतर किल्ल्यांचें महत्त्व गेलें, त्याबरोबर पुष्कळांची रोजीहि गेली. आणि कालपर्यंत ज्यांच्या भरंवशावर लोक झोंपत, त्यांनाच नवें राज्य दरोडेखोर म्हणूं लागलें. उमाजी नाइकास १८३२ सालीं पुण्यास फांशीं देण्यांत आलें. राखणदाराचा आधार काढून घेतला कीं समाजाचा एक भाग बंडाकडे वळतो, ही गोष्ट त्या काळच्या अधिकाऱ्यांना फार उशिरां कळली.

खेड्याहून शहराची गोष्ट निराळी होती. पेशव्यांच्या पुण्यांत कोतवाल हा मोठा अधिकारी असे. गस्त, चौक्या, वजनेंमापें, बाजारभाव, परगांवच्या माणसांची नोंद, हें सर्व त्याच्याकडे. रात्रीं तोफ झाली कीं रस्त्यावर सांपडेल त्यास चौकींत बसावें लागे. व्यवस्था कडक होती. परंतु या कोतवालावर गांवकीची नजर नव्हती. त्याचा धनी प्रसन्न असला म्हणजे झालें. नाना फडणविसांच्या अमदानींत घाशीराम हा दीर्घकाळ कोतवाल होता. १७९१ सालीं त्याच्या माणसांनीं तेलंगणांतून आलेल्या कांहीं ब्राह्मणांस एका कोंदट जागेंत कोंडलें आणि त्यांतील वीस-एकवीस जण गुदमरून मेले. शहर खवळलें, सरकारास आपला कोतवाल जमावाच्या स्वाधीन करावा लागला आणि लोकांनीं त्याला दगडांनीं ठेंचून मारलें. त्या कोंडलेल्या माणसांची चौकशी वेळेवर झाली असती, तर इतके जीव गेले नसते. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणें करावयाचें, त्याच्याच हातीं चौकीची किल्ली असली म्हणजे काय होतें, याचें महाराष्ट्राच्या इतिहासांतील हें भयंकर उदाहरण होय.

इंग्रजांनीं प्रारंभीं जुनीच घडी शक्य तितकी राखली. १८२७ च्या मुंबई नियमावलींत गांवच्या पाटलाचे पोलिसी अधिकार मान्य करण्यांत आले. पुढें मात्र एक नवा नमुना आला आणि तो आला आयर्लंडकडून. विलायतेंत त्या काळीं पोलिसांचे दोन नमुने होते. १८२९ सालीं रॉबर्ट पील यानें लंडन शहरासाठीं जें पोलीसदल उभें केलें, त्याचा पोशाख मुद्दाम निळा ठेवला होता. कारण लाल पोशाख हा पलटणीचा, आणि लोकांना हें दल लष्कर वाटूं नये अशी काळजी होती. आयर्लंडचा नमुना याच्या अगदीं उलट. तेथील शिपाई सशस्त्र, बराकींत राहणारा, आणि त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यांत सहसा न नेमला जाणारा. शेजाऱ्यांची ओळख हा लंडनच्या शिपायाचा गुण ठरला, तर आयर्लंडांत तोच दोष मानला गेला. १८४३ सालीं सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरनें आयरिश धर्तीवर तेथें पोलीसदल बांधलें. तें पाहून मुंबई सरकारनेंहि १८५३ पासून प्रत्येक जिल्ह्यास पोलीस सुपरिंटेंडेंट नेमण्याची पद्धति सुरू केली. जिंकलेल्या देशासाठीं कोणता नमुना निवडला गेला, हें येथें ध्यानांत ठेवलें पाहिजे. कारण पुढील शंभर वर्षांचें बरेंवाईट त्या निवडींत आहे.

या नव्या शिपायाला गांव ओळखत नव्हता आणि तोहि गांवाला ओळखत नव्हता. चोराचा माग काढण्याची विद्या त्याच्यापाशीं नव्हती. मग गुन्हा शाबीत करण्याचा सोपा मार्ग एकच उरला, तो म्हणजे कबुलीजबाब. तो कसा मिळविला जातो, हें १८५५ सालीं मद्रासेंतील चौकशी-मंडळानें उघड केलें. महसूल वसुलीसाठीं आणि गुन्ह्याच्या तपासासाठीं रयतेचा छळ होतो, हें त्यानें स्पष्ट नमूद केलें. १८६० सालीं पोलीस कमिशन बसलें व १८६१ चा पोलीस कायदा झाला. त्याच वर्षींच्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांत एक विलक्षण कलम घालण्यांत आलें: पोलीस अधिकाऱ्यापाशीं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाहीं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत हेंच कलम पंचवीस म्हणून आलें. सरकारनें आपल्याच नोकरावर अविश्वास दाखवून तो कायद्यांत लिहून ठेवावा, अशीं उदाहरणें जगांत थोडीं सांपडतील.

मुंबई शहरांत या काळीं एक निराळा पुरुष होऊन गेला. चार्ल्स फोर्जेट याचा जन्म हिंदुस्थानांतलाच. येथील भाषा तो सहज बोले आणि वेष पालटून वस्त्यांतून हिंडे. १८५७ सालीं शहरांतील शिपायांचा कट त्यानें असाच वेष पालटून हुडकून काढला आणि दोघांना तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें. फोर्जेटची हुशारी निर्विवाद आहे. परंतु त्याची ओळख आणि जागल्याची ओळख यांत मोठें अंतर होतें. जागल्या लोकांत राही. फोर्जेट लोकांत लपून राही. लोकांची माहिती त्याला होती, लोकांचा विश्वास मात्र त्याच्या कामाचा पाया नव्हता.

१९०२-०३ सालीं अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालीं दुसरें कमिशन बसलें. त्याचा निष्कर्ष सरकारला न आवडणारा होता. पोलिसांचें शिक्षण व संघटना सदोष आहे, देखरेख अपुरी आहे, लोक त्यांना लांचखाऊ आणि जुलमी समजतात, आणि लोकांचा विश्वास व सहकार्य मिळविण्यांत ते सर्वथा अयशस्वी झाले आहेत, असें त्यानें म्हटलें. यावर उपाय म्हणून फौजदारांसाठीं प्रांतोप्रांतीं शाळा असाव्या, अशी शिफारस झाली. मुंबई इलाख्यासाठीं १९०६ सालीं पुण्याजवळ भांबुर्ड्यास अशी शाळा निघाली. पुढें ती नाशिकास गेली, आणि आजची नाशिकची पोलीस प्रबोधिनी ही तिचीच वंशज. शाळेनें शिस्त आणली, कायद्याचें ज्ञान आणलें, कागदपत्रांस नीटनेटकेपणा आणला. जें कवाइतीच्या मैदानावर शिकवितां येत नाहीं, तें मात्र राहून गेलें. १९३० सालीं मिठाच्या सत्याग्रहांत जेव्हां शिपायांच्या लाठ्या निःशस्त्र माणसांवर पडल्या, तेव्हां शिपाईहि याच देशाचे आणि सत्याग्रहीहि याच देशाचे. हुकूम तेवढा परका होता. शिपायानें हुकूम तंतोतंत पाळला. शाळेनें त्याला तेंच शिकविलें होतें.

स्वातंत्र्यानंतर धनी बदलला. १९४७ सालीं जे. एस. भरुचा हे मुंबईचे पहिले हिंदी पोलीस कमिशनर झाले. १९५१ सालीं मुंबई पोलीस कायदा नव्यानें झाला. परंतु नवें राज्य आलें म्हणजे शिपायाची संवय आपोआप बदलते, असें नाहीं. हें ओळखून भारत सरकारनें १९७१ सालीं पोलिसांच्या शिक्षणाचा विचार करण्यासाठीं एक समिति नेमली. तिचे अध्यक्ष कोणी पोलीस अधिकारी नव्हते. टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक प्राध्यापक माधव सदाशिव गोरे यांची निवड झाली होती. कायदा आणि कवाईत यांच्याइतकेंच समाजाचें ज्ञान आणि माणसाशीं वागण्याची वृत्ति शिपायाला शिकविली पाहिजे, हा १९७३ च्या त्यांच्या अहवालाचा रोख होता.

हें शिक्षण कसलें, याचा धडा भिवंडीनें दिला. हातमाग-यंत्रमागाच्या या गांवांत १९७० सालीं आणि पुन्हां १९८४ सालीं भीषण दंगली झाल्या होत्या. १९८८ सालीं सुरेश खोपडे हे तेथें पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनीं मोहल्ल्यामोहल्ल्यांत दोन्ही समाजांतील साध्या माणसांच्या समित्या स्थापन केल्या आणि त्यांत पोलिसांना नेमानें बसविलें. नळाचें पाणी, भाडेकरूचें भांडण, पोरांची मारामारी, असल्या किरकोळ गोष्टींतून माणसें एकमेकांस आणि पोलिसांस ओळखूं लागलीं. १९९२ च्या डिसेंबरांत आणि १९९३ च्या जानेवारींत जवळची मुंबई जळत असतां भिवंडी शांत राहिली. तेथें आकाशांतून कोणी नवे शिपाई उतरले नव्हते. होत्या त्याच शिपायांना वस्तींतील माणसें नांवानिशीं ठाऊक झालीं होतीं, आणि अफवा उठली कीं ती कोणाला विचारावी हें दोन्ही बाजूंस माहीत होतें.

वंशपरंपरेचा राखणदार परत यावा, असें कोणी म्हणणार नाहीं. त्याच्या ओळखीबरोबर जातीची बेडीहि परत येईल. केवळ हुकुमाचा शिपाईहि स्वतंत्र देशाला पुरा पडत नाहीं. जागल्याची ओळख आणि शाळेंतली कायद्याची शिस्त, या दोन्ही गोष्टी एका माणसांत आणणें, हेंच पोलिसी शिक्षणाचें खरें काम आहे. तें कितपत साधलें आहे, याची खूण कायद्याच्या पुस्तकांतच आहे. १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अमलांत आला; पुष्कळ कलमांचे क्रमांक बदलले. परंतु पोलिसापुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध चालणार नाहीं, हा नियम तेविसाव्या कलमांत जशाचा तसा उभा आहे. तो तेथें असणें आज नागरिकाच्या हिताचेंच आहे. ज्या दिवशीं कोणाही गरिबाला पोलीसचौकीची पायरी चढतांना त्या कलमाची आठवण करावी लागणार नाहीं, त्या दिवशीं पोलिसांचें शिक्षण पुरें झालें असें म्हणतां येईल.