जखम दिसली नाही, म्हणून?

प्रयोगशाळेत एखाद्या चाचणीत काहीच सापडलं नाही, तर आधी एक प्रश्न विचारायचा असतो: जे शोधतोय ते या चाचणीला दिसू तरी शकतं का? बलात्काराच्या खटल्यांतल्या वैद्यकीय पुराव्याचा इतिहास वाचताना मला हाच प्रश्न सारखा आठवतो.

२६ मार्च १९७२. देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा (आता गडचिरोली). पोलीस ठाण्यातच दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार एका आदिवासी मुलीने केली. दुसऱ्या दिवशी तिची तपासणी झाली. वय १४ ते १६. अंगावर जखम नाही. आणि आणखी एक नोंद: योनिमार्गात दोन बोटं सहज जातात.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये पोलिसांना सोडलं. मुलीला लैंगिक संबंधांची सवय होती, असं म्हटलं. नागपूर खंडपीठाने मात्र दोघांना दोषी ठरवलं. भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हा त्याचा मुद्दा. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नव्हता, असा तर्क होता.

आता वरचा प्रश्न लावून बघा. ठाण्यात बंद दाराआड पोलिसांसमोर गोठून गेलेल्या मुलीच्या अंगावर जखम का असावी? आणि बोटांनी संमती कशी मोजणार?

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन झालं. १९८३ मध्ये कायदा बदलला: पोलीस कोठडीतल्या अशा प्रकरणात संबंध सिद्ध झाले आणि स्त्रीने 'संमती नव्हती' असं सांगितलं, तर न्यायालय तेच गृहीत धरतं. पीडितेची ओळख छापणं गुन्हा ठरलं.

पण दवाखान्यातली ती दोन बोटांची चाचणी चालूच राहिली! २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती खासगीपणाचा भंग ठरवली, २०१४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने बंद करायला सांगितली. तरी २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, की ही चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी असेल. मधे पन्नास वर्षं गेली.

एवढं मात्र लक्षात ठेवा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. २०१३ पासून सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर ताबडतोब आणि मोफत उपचार करायलाच हवेत. 'आधी एफआयआर आणा' म्हणून परत पाठवता येत नाही. उपचार नाकारले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.