१९४० सालचें मूल

राष्ट्राराष्ट्रांतील कर्ज हा आंकड्यांचा विषय आहे, आणि आंकड्यांचें चित्र निघत नाहीं. व्यंगचित्रकाराला माणसें लागतात. त्यामुळें पहिल्या महायुद्धानंतर देण्याघेण्याचा जो गुंता युरोपांत झाला, त्यांतून त्यानें आपल्या सोयीनें एक सावकार व एक कूळ निवडून काढलें. सावकार कोण आणि कूळ कोण, हें मात्र चित्र कोणत्या राजधानींत छापलें गेलें यावर अवलंबून असे.

व्हर्सायच्या तहाच्या २३१ व्या कलमानें युद्धहानीची जबाबदारी जर्मनीच्या माथीं मारली, आणि १९२१ च्या मे महिन्यांत १३२ अब्ज सुवर्ण-मार्क हा भरपाईचा आंकडा ठरला. देणें थकलें तेव्हां १९२३ च्या जानेवारींत फ्रान्स व बेल्जम यांच्या फौजा रूरमध्यें शिरल्या. लागलीच जर्मनींतील भित्तिपत्रकांवर फ्रान्सची मारिआन राक्षसिणीच्या रूपानें कारखान्यांवर हात टाकतांना दिसूं लागली. उलट फ्रेंच चित्रांतला जर्मन पोटभर जेवून दिवाळखोरीचें सोंग आणणारा असे.

पलीकडे अमेरिकेचें दोस्त राष्ट्रांकडे सुमारें दहा अब्ज डॉलर येणें होतें. तें ती नेटानें मागूं लागली तेव्हां युरोपांतील पत्रांनीं अंकल सॅमला ‘अंकल शायलॉक’ करून टाकलें. वर्षानुवर्षें वर्गांत शेक्सपिअर शिकविणाऱ्या मला ही उपमा फसलेली वाटते. त्या नांवांत ज्यू लोकांविषयींचा जुना द्वेष होता, ती गोष्ट निराळीच. पण नाटकांतील ॲन्टोनिओ व्याजानें पैसा देत नसे. येथला ॲन्टोनिओ स्वतः शेजाऱ्याचा शायलॉक होता! इंग्लंड अमेरिकेचें देणें लागे आणि फ्रान्स-इटलीकडून घेणें लागे. अमेरिका आमच्याकडून जेवढें मागेल तेवढेंच आम्ही आमच्या ऋणकोंकडून व जर्मनीकडून घेऊं, असें बाल्फोरनें १९२२ सालीं लिहून कळविलें तें याचमुळें.

१९२४ च्या डॉज योजनेनंतर तर हा व्यवहार वर्तुळाकार झाला. अमेरिकन भांडवलवाल्यांनीं जर्मनीस कर्ज द्यावें, जर्मनीनें त्यांतून फ्रान्स-इंग्लंडचे हप्ते भागवावे, आणि त्यांनीं तोच पैसा वॉशिंग्टनला पोंचवावा. याची टोपी त्याच्या डोक्यावर! १९२९ नंतर नवें कर्ज मिळेनासें झालें आणि फेरा थांबला. १९३१ त हूवरनें एक वर्षाची तहकुबी दिली, १९३२ त लोझानला भरपाई जवळजवळ सोडून देण्यांत आली. १९३४ नंतर अमेरिकेचे हप्ते नियमानें फेडीत राहिला तो एकटा फिनलंड. असल्या फेऱ्यांत खलनायक सांपडत नाहीं. सावकार-कुळाचें चित्र मात्र सकाळच्या चहाबरोबर घरोघर गेलें. हिशेब जाणकारांच्या पुस्तकांत राहिला. १९२३ च्या हिंवाळ्यांत रूरमधील खाणकामगाराला फ्रेंच कारकुनाविषयीं, किंवा कारकुनाला त्याच्याविषयीं, जें वाटलें, तें कलमें वाचून वाटलेलें नव्हतें.

एक चित्र मात्र मी यांतून वेगळें काढतों. तें विल डायसन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचें; लंडनच्या ‘डेली हेरल्ड’मध्यें तें १९१९ च्या मे महिन्यांत आलें, म्हणजे तहावर सह्या होण्याच्याही आधीं. परिषदेचे धुरीण बाहेर पडत आहेत: लॉइड जॉर्ज, विल्सन, ऑर्लांडो, आणि ज्याला लोक ‘वाघ’ म्हणत तो क्लेमांसो. वाघ जरा थबकतो. कोठें तरी मूल रडत असल्याचा त्याला भास होतो. खांबाआड एक उघडें मूल खरोखरच रडत आहे, आणि त्याच्यावर ‘१९४० ची तुकडी’ असें लिहिलें आहे. युरोपांतील सक्तीच्या सैन्यभरतींत ज्या वर्षीं पोरें वयांत येत त्या वर्षाचें नांव त्यांच्या तुकडीस देत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे अर्थ उलगडतो. येथें सावकारही नाहीं, कूळही नाहीं. मूल इंग्रज कीं जर्मन, हेंही डायसन सांगत नाहीं.

१९४० च्या मे-जूनमध्यें फ्रान्स पडला, तेव्हां तीं मुलें दोन्ही बाजूंच्या फौजांत होतीं. डॉज व यंग कर्जरोख्यांवरील व्याजाचा अखेरचा हप्ता जर्मनीनें २०१० च्या ऑक्टोबरांत चुकता केला. डायसन १९३८ च्या जानेवारींतच वारला होता.