सहीनिशी फेरफार : लिनक्सच्या जडणघडणीची हकीकत

महसूल खात्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली त्यांना 'फेरफार' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. जमीन विकली गेली, वाटणी झाली किंवा खातेदार निवर्तला, की तलाठी गाव नमुना नंबर सहामध्ये नोंद घालतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत मिळते, आणि सर्व कागद पाहून अधिकारी नोंद प्रमाणित करून सही करतो. त्यानंतरच सातबारावरचे नाव बदलते. गुजरात राज्याच्या सेवेत आम्ही याच कामात आयुष्य घालविले. त्यामुळे निवृत्तीनंतर संगणक क्षेत्रातील आमच्या पुतण्याने लिनक्स या प्रणालीची बदलांची नोंदवही पडद्यावर उघडून दाखविली आणि "काका, हे तुमचे सहा नंबरचे रजिस्टरच आहे" असे म्हटले, तेव्हा आमचे कुतूहल जागे झाले. पुढे जमेल तसे वाचन केले. त्यातून हाती आलेली हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लिनक्स ही संगणकाचे अंतर्गत व्यवहार चालविणारी गाभ्याची आज्ञावली आहे. अँड्रॉइड जातीच्या प्रत्येक भ्रमणध्वनीत ती असते. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्व संगणक २०१७ च्या नोव्हेंबरपासून तिच्यावरच चालत आले आहेत. ही कोट्यवधी ओळींची आज्ञावली कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. तिची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी आणि तो बदल मूळ संहितेत घेण्यासाठी पाठवावा, अशी मुभा आहे. यालाच मुक्त स्रोत म्हणतात. 'मुक्त' म्हणजे 'फुकट' असा समज आपल्याकडे रूढ आहे. परंतु या व्यवस्थेचे खरे वैशिष्ट्य फुकटपणात नसून बदल नोंदविण्याच्या शिस्तीत आहे, असे आमचे मत झाले आहे.

संगणकाच्या आरंभीच्या काळात आज्ञा कागदी फितीवर छिद्रे पाडून लिहीत. चूक सापडली की त्या जागेवर कागदाचा तुकडा चिकटवून नवी छिद्रे पाडीत. त्या ठिगळावरूनच दुरुस्तीला 'पॅच' हे नाव पडले. त्या काळी आज्ञावली एकमेकांना देणे ही विद्यापीठांतील सहज रीत होती. पुढे कंपन्यांनी मूळ संहिता गुप्त ठेवण्यास सुरुवात केली. अमेरिकेतील एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना १९८० च्या सुमारास एका छपाईयंत्राच्या आज्ञावलीत सुधारणा करावयाची होती. परंतु संहिता मिळेना, कारण ती ज्याच्याजवळ होती त्याने ती कोणास न देण्याचा करार केला होता. या अनुभवाने व्यथित झालेल्या स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' हा मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९८९ मध्ये त्यांनी 'जनरल पब्लिक लायसन्स' हा परवाना सिद्ध केला. आज्ञावली घ्या, बदला, वाटा. मात्र बदललेली प्रत दुसऱ्यास दिलीत तर तिची संहिताही त्याच अटींवर द्या, असा त्याचा आशय.

परवान्याने हक्क दिला, पण व्यवहाराला साधन हवे होते. एका संहितेच्या दोन प्रतींतील फरक ओळीओळीने दाखविणारी 'डिफ' ही उपयुक्त युक्ती बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकातच तयार झाली होती. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी 'पॅच' नावाची छोटी आज्ञावली प्रसृत केली. फरकाचा कागद दिला की ती मूळ प्रतीत योग्य जागी बदल करून देई. मूळ प्रत मधल्या काळात थोडीफार सरकली असली तरी आजूबाजूच्या ओळींवरून जागा शोधून काढी. संपूर्ण दप्तर पाठविण्याऐवजी केवळ फेरफाराचा कागद पाठविण्याची सोय झाली, आणि दूरदूरच्या अपरिचितांना एकाच कामावर खपणे शक्य झाले.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. पहिली प्रत सुमारे १०,००० ओळींची होती. १९९२ मध्ये त्याने ती स्टॉलमन यांच्या परवान्याखाली आणली. मार्च १९९४ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती निघाली, तेव्हा ओळींची संख्या १,७६,२५० झाली होती. लोक ई-मेलने बदल पाठवीत. लिनस ते वाचून पसंत पडल्यास लावून घेई. पसंत न पडल्यास, किंवा वेळच न मिळाल्यास, ते तसेच राहून जात. उत्तर न आल्यास पुन्हा पाठवावे, हा शिरस्ता. एका टेबलावर साऱ्या जिल्ह्याच्या नस्त्या साचाव्यात तशी त्याची स्थिती झाली. १९९८ पर्यंत तक्रारी वाढल्या. मग विभागवार जबाबदार माणसे नेमली गेली आणि २००२ मध्ये 'बिटकीपर' ही नोंदींची व्यवस्था स्वीकारण्यात आली. ती एका खाजगी कंपनीची होती, हे अनेकांना रुचले नाही. अशांसाठी नोंदींची एक नक्कल निराळ्या यंत्रणेत ठेवली जाई.

या नकलेतच नोव्हेंबर २००३ मध्ये जो प्रकार घडला, तो आमच्या मते या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रसंग आहे. कोणीतरी त्या नकलेत शिरून दोन ओळी घातल्या. वरवर पाहता त्यात 'वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे काय?' अशी तपासणी दिसे. या प्रणालीत शून्य क्रमांक सर्वाधिकारी व्यक्तीचा असतो. परंतु तपासणीसाठी बरोबरचे चिन्ह दोनदा लिहावे लागते. येथे ते एकदाच लिहिले होते. तेवढ्याने वाक्याचा अर्थ 'क्रमांक शून्य करून टाक' असा झाला. म्हणजे ही खूण जाणणाऱ्या कोणाही वापरकर्त्यास त्या यंत्राची सारी सत्ता हाती घेता आली असती. एका चिन्हाचा फेर! सातबारावर एक शून्य वाढविल्याने क्षेत्र कसे बदलते, हे आम्ही जाणतो. ही लबाडी उघडकीस कशी आली? तर त्या बदलाला मूळ नोंदवहीतील मंजुरीचा संदर्भच नव्हता. नक्कल आणि मूळ यांचा मेळ बसेना, म्हणून शोध झाला. मूळ संहितेपर्यंत तो बदल पोहोचलाच नव्हता. नोंद प्रमाणित नसेल तर ती नोंदच नव्हे, या नियमाने त्या दिवशी रक्षण केले.

त्याच वर्षी दुसरे संकट उभे राहिले. मार्च २००३ मध्ये 'एस.सी.ओ.' या कंपनीने आय.बी.एम.वर एक अब्ज डॉलरचा दावा लावला. आपल्या युनिक्स प्रणालीतील संहिता लिनक्समध्ये घुसविली, असा तिचा आरोप होता. युनिक्सचे हक्क त्या कंपनीकडे नाहीत, असा निवाडा २०१० मध्ये ज्यूरीने दिला, आय.बी.एम.बरोबरचा वाद मात्र २०२१ मध्ये तडजोडीने मिटला. परंतु आरोपाने एक उणीव उघडी पाडली. अमुक ओळ कोणाकडून आणि कोणत्या हक्काने आली, हे ठामपणे सांगण्याची सोय नव्हती. त्यावर मे २००४ मध्ये टोरवाल्ड्स यांनी उपाय सुचविला. बदल पाठविणाऱ्याने शेवटी स्वतःच्या नावाची एक ओळ लिहावयाची. हा बदल मी केला आहे, किंवा योग्य परवान्याच्या कामावरून घेतला आहे, किंवा अशीच ग्वाही देणाऱ्याकडून मला मिळाला आहे, आणि ही नोंद सार्वजनिक व कायम राहील हे मला मान्य आहे, असा त्या सहीचा अर्थ. ज्या ज्या जबाबदार व्यक्तीच्या हातून बदल पुढे सरकतो तीही आपली सही खाली जोडते. निनावी बदल चालत नाही. आमच्या नोटशीटवर कारकुनापासून वरिष्ठांपर्यंत आद्याक्षऱ्या उतरत जातात, तसाच हा प्रकार.

एप्रिल २००५ मध्ये बिटकीपरचा विनामूल्य वापर बंद झाला. तेव्हा टोरवाल्ड्स यांनी स्वतःच 'गिट' ही नोंदव्यवस्था लिहावयास घेतली आणि काही दिवसांतच ती स्वतःच्या नोंदी स्वतः ठेवू लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये तिची देखभाल जुनिओ हामानो यांच्याकडे सोपविण्यात आली. गिटमध्ये प्रत्येक नोंदीचा तिच्या मजकुरावरून ४० अक्षरांचा ठसा निघतो आणि त्या मजकुरात आधीच्या नोंदीचा ठसाही सामील असतो. मागील पान कोणी फाडले किंवा खाडाखोड केली, तर पुढील सर्व ठसे बदलतात आणि लबाडी दिसून येते. शिवाय संपूर्ण वही प्रत्येक सहभागी व्यक्तीपाशी असते. एखादी ओळ शेवटी कोणी बदलली, हे सांगणाऱ्या आज्ञेचे नाव तर 'ब्लेम', म्हणजे दोष, असे आहे! आमच्या लेखापरीक्षकांना ते नाव फार आवडले असते.

आज नवख्या माणसास लिनक्समध्ये बदल सुचवावयाचा असेल तर रीत ठरलेली आहे. एका वेळी एकच बदल पाठवावा. काय बदलले ते संहिता सांगतेच. का बदलले ते शब्दांत लिहावे. त्या विभागाच्या जबाबदार व्यक्तीस आणि सार्वजनिक चर्चेत बदल पाठवावा. तेथे हरकती येतात, कधी कठोर शब्दांतही. त्यांचे निरसन करून दुसरा, तिसरा खर्डा पाठवावा लागतो. तपासणारे व चाचणी घेणारे आपली नावे जोडतात. मग विभागप्रमुखाकडून बदल टोरवाल्ड्स यांच्यापर्यंत जातो. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि एकेका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. त्यातील प्रत्येकामागचे कारण वीस वर्षांनीही वाचता येते.

एवढी शिस्त असूनही माणूस चुकतो, हेही सांगितले पाहिजे. लिनक्सच्या सोबतीने सर्वत्र वापरली जाणारी 'एक्स-झेड' ही माहिती आटोपशीर करणारी आज्ञावली एकच गृहस्थ फावल्या वेळात सांभाळीत होते. 'जिया टॅन' या नावाने कोणी दोन वर्षांहून अधिक काळ चांगले बदल पाठवून विश्वास संपादन केला. थकलेल्या गृहस्थांमागे इतरांचा तगादा होताच. त्यांनी अधिकार वाटून दिले. मग २०२४ मध्ये त्या आज्ञावलीत दूरच्या संगणकांत चोरवाटेने शिरण्याची सोय दडविली गेली. तिचा एक महत्त्वाचा दुवा तर सार्वजनिक नोंदवहीत नव्हताच. तो केवळ वाटपाच्या गठ्ठ्यात घातला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले. त्याने मूळ शोधले आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्वांना सावध केले.

हा प्रसंग वाचताना आम्हांस आमची एक सही आठवली. नायब मामलतदार असताना वर्षअखेरीच्या घाईत गठ्ठ्यातील वारसाची एक नोंद आम्ही नीट न वाचता प्रमाणित केली. तीत एका वृद्धेचे नाव गाळले गेले होते. नोटीस तिला पोहोचलीच नव्हती, आणि पोहोचल्याची खूण मात्र कागदावर होती. ती प्रांतांकडे अपिलात गेली म्हणून नाव परत लागले. त्यास तीन वर्षे लागली. नमुना होता, नियम होता, सहीही होती. पाहणारे डोळे नव्हते. ते डोळे आमचे असावयास हवे होते.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' या शब्दांतील अर्धा र, किंवा मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' ही आपली अक्षरे संगणकावर नीट उमटतात ती कोणीतरी तसे नियम व आकार नोंदविले म्हणून. जेथे नोंदविले नाहीत तेथे हिंदी वळणच प्रमाण ठरते. हरकत घेणारा नसेल तर नोंद कायम होते, हा आमच्या खात्याचा जुना अनुभव. २०१४ मध्ये मोडी लिपीस युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि तिचा मुक्त परवान्याचा फॉन्टही उपलब्ध आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील आपल्या घराघरांत मोडीचे रुमाल आहेत. अक्षर कोठे चुकते हे ओळखणारी वडीलधारी माणसे अद्याप आहेत. त्यांनी चूक दाखवावी, घरातील तरुणांनी ती दुरुस्त करून कारणासह, स्वतःच्या नावाने पाठवावी. एक अक्षर, एक बदल, एक सही, एवढ्यानेही प्रारंभ होतो. हरकतीची मुदत अजून संपलेली नाही.