श्यामची आई: व्यक्तिरेखा आणि आशयसूत्रे

'श्यामची आई' ही पांडुरंग सदाशिव साने तथा साने गुरुजी (२४ डिसेंबर १८९९ – ११ जून १९५०) यांची आत्मचरित्रात्मक कथाकृती आहे. स्वातंत्र्यचळवळीतील कारावासात असताना, फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ती लिहिली. ही कृती मराठीतील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांपैकी एक आहे. शालेय पाठ्यपुस्तकांतून तिच्यातील निवडक प्रकरणे स्वतंत्र पाठ म्हणून आल्यामुळे अनेक वाचकांना ती सुट्या संस्कारकथांच्या रूपात परिचित असते. सलग वाचली असता मात्र कोकणातील एका खोत घराण्याची कर्जामुळे होत गेलेली वाताहत हा तिचा कथानकात्मक कणा असल्याचे दिसते. व्यक्तिरेखा आणि आशय यांचा अभ्यास करताना ही पार्श्वभूमी महत्त्वाची ठरते.

रचना

पुस्तकात बेचाळीस प्रकरणे असून प्रत्येक प्रकरणाला 'रात्र' म्हटले आहे. आश्रमात राहणारा प्रौढ श्याम रोज रात्री आपल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, अशी कथनाची चौकट आहे. त्यामुळे श्याम दोन रूपांत भेटतो: प्रसंग अनुभवणारा मुलगा आणि तो प्रसंग अनेक वर्षांनी सांगणारा माणूस. प्रकरणांतील उपदेशपर भाग बहुतांशी दुसऱ्या श्यामचा, म्हणजे निवेदकाचा आहे. आईचे प्रत्यक्ष बोलणे त्या मानाने थोडे, घरगुती आणि प्रसंगापुरते असते.

पूर्वार्धातील रात्री बऱ्याच अंशी स्वयंपूर्ण आहेत. बत्तिसाव्या रात्रीपासून ('कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक') कथन अधिक सलग होते. सावकाराचा तगादा, घरातील टंचाई, जप्ती, आईचा आजार आणि तिचा मृत्यू हे टप्पे एकामागून एक येतात.

प्रमुख व्यक्तिरेखा

आई: लेखकाच्या मातोश्री यशोदाबाई साने (मृत्यू १९१७) यांच्यावर ही व्यक्तिरेखा आधारलेली आहे. ती व्रतवैकल्ये पाळणारी, परंपरेत वाढलेली गृहिणी आहे. तिची शिकवण बहुधा हातातल्या कामातून निघते. 'थोर अश्रू' या प्रकरणात आंघोळीनंतर तळवे मळू नयेत म्हणून श्याम हट्ट धरतो, तेव्हा ती आपला पदर जमिनीवर पसरते आणि पायांइतकेच मन स्वच्छ ठेवण्यास सांगते. 'मुकी फुले' मध्ये कळ्या उमलण्यापूर्वीच तोडण्याची मुलांमधील चढाओढ तिला अमान्य होते. ती केवळ मृदू नाही. 'श्यामचे पोहणे' मध्ये पाण्याला भिऊन लपलेल्या मुलाला ती मार देऊन विहिरीवर धाडते आणि नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून व्याकूळ होते. स्वाभिमान हा तिचा स्थायी गुण आहे. 'पर्णकुटी' मध्ये आश्रित म्हणून राहण्यापेक्षा लहानशा स्वतंत्र घराचा आग्रह ती धरते.

श्याम: तो आदर्श बालक म्हणून रंगवलेला नाही. तो भित्रा, हट्टी, क्वचित खोटे बोलणारा आहे. 'मोठा होण्यासाठी चोरी' मध्ये वाचनाच्या ओढीने तो घरी आलेल्या पाहुण्याचे पैसे घेतो. श्यामच्या चुकांमुळेच आईच्या कृतींना निमित्त मिळते, त्यामुळे या दोन व्यक्तिरेखा एकमेकींपासून वेगळ्या काढून समजत नाहीत. पुढे 'बंधुप्रेमाची शिकवण' मध्ये तो खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो. ऐकलेली शिकवण आचरणात उतरल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

वडील (भाऊ): सदाशिवराव हे पूर्ववैभवाची प्रतिष्ठा सांभाळणारे, पण व्यवहारात अपुरे पडणारे गृहस्थ आहेत. घर कर्जात बुडण्यास त्यांचे वागणे काही अंशी कारणीभूत असले, तरी लेखकाने त्यांना खलपुरुष केलेले नाही. 'अळणी भाजी' मध्ये मीठ घालायचे राहून गेलेली भाजी ते काही न बोलता खातात आणि मुलेही त्यांचे अनुकरण करतात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला चूक कळते. 'आनंदाची दिवाळी' मध्ये आई भाऊबीजेच्या पैशांतून पतीसाठी धोतर आणवते. या दोन प्रसंगांतून पतिपत्नींचे परस्परसंबंध फारसे न बोलता प्रकट होतात.

इतर: मोलकरीण मथुरी, दूर्वांची आजी, श्यामची भावंडे, तसेच मोरी गाय यांच्यामुळे आईच्या ममतेचा परीघ कुटुंबाबाहेर विस्तारतो. सावकाराची माणसे कथेत थोडाच वेळ येतात, परंतु त्यांच्या येण्याने घराची अब्रू पणाला लागते.

आशयसूत्रे

संस्कार आणि दारिद्र्य: आईच्या शिकवणीला आर्थिक परिस्थितीची कसोटी सतत लागते. दुसऱ्याला देणे, मागून न घेणे, काटकसर करणे ही मूल्ये सुस्थितीत सोपी असतात. घरात तेल आहे तर मीठ नाही, अशा अवस्थेत त्यांची किंमत मोजावी लागते. 'अब्रूचे धिंडवडे' मधील जप्तीचा आघात आईला असह्य होतो आणि त्यानंतर तिच्या शेवटच्या आजाराची प्रकरणे येतात. त्यामुळे तिच्या मृत्यूकडे केवळ दैवगती म्हणून पाहता येत नाही.

स्त्रीत्व आणि पुरुषत्व: पहिल्याच रात्री ('सावित्रीव्रत') आजारी आईच्या वतीने श्याम वडाला प्रदक्षिणा घालतो. लोक हसतील म्हणून तो लाजतो. आई त्याला चांगल्या कामाची लाज न बाळगण्यास सांगते. हेच सूत्र 'अर्धनारी नटेश्वर' मध्ये विस्ताराने येते. घरकाम करणारा, कोमल वृत्तीचा पुरुष हा येथे दुबळेपणाचा नव्हे, तर पूर्णत्वाचा नमुना आहे.

जातिभेद: 'देवाला सारी प्रिय' मध्ये एका वृद्ध महार स्त्रीची मोळी उचलून देण्यास आई श्यामला सांगते, मात्र नंतर घरी येऊन आंघोळ करण्याचीही सूचना देते. करुणा आणि रूढी यांचे हे सहअस्तित्व त्या काळातील मर्यादा दाखवते. ती मर्यादा लेखकाने झाकलेली नाही. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले. आईने अर्धी चाललेली वाट मुलाने पुढे नेली, असे या दोन घटना एकत्र पाहता म्हणता येते.

उशीर आणि पश्चात्ताप: शिक्षणासाठी दूर असलेला श्याम आईच्या अखेरच्या क्षणी जवळ नसतो. तो पोहोचतो तेव्हा उरलेली असते ती राख. एकेचाळिसाव्या रात्रीचे 'भस्ममय मूर्ती' हे शीर्षक त्याचेच निदर्शक आहे. ज्या शिक्षणाने आईचे कष्ट संपावेत, त्यानेच तिच्यापासून दूर ठेवले, हा सल संपूर्ण कथनामागे आहे. निवेदनातील भावविवशतेचा उगमही तेथेच शोधता येतो.

अभ्यासातील विचारणीय मुद्दे

या कृतीवरील प्रश्नांत आईच्या गुणांची यादी करण्याचा प्रघात आहे. तथापि 'प्रेमळ', 'स्वाभिमानी' अशी विशेषणे प्रसंगाशी जोडल्याशिवाय व्यक्तिरेखा उलगडत नाही: आईने काय केले, त्या वेळी घराची स्थिती काय होती आणि श्यामवर त्याचा परिणाम कोणता झाला, या तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. दुसरा मुद्दा कथनदृष्टीचा आहे. आईचे चित्र तिला गमावलेल्या मुलाच्या स्मृतीतून आलेले आहे; तिची स्वतःची बाजू तिच्या तोंडून थेट सांगितली जात नाही. तिसरा मुद्दा साहित्यप्रकाराचा आहे. श्याम म्हणजे लेखकच, असे सरसकट मानल्यास चौकटकथा, प्रसंगांची निवड आणि त्यांचा क्रम यांतील रचनाकौशल्याकडे दुर्लक्ष होते.

रूपांतरे

आचार्य प्र. के. अत्रे यांनी १९५३ मध्ये या पुस्तकावर त्याच नावाचा चित्रपट काढला. वनमाला यांनी आईची, तर माधव वझे यांनी बालश्यामची भूमिका केली. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी दिग्दर्शित केलेला आणखी एक चित्रपट प्रदर्शित झाला.