भायखळ्याच्या तुरुंगातली संमती

सप्टेंबर १८९६. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा प्लेग ओळखला आणि काही आठवड्यांतच लोक शहर सोडून पळू लागले. सरकारने जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांना मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगचे जंतू मांसरसात वाढवले, उष्णतेने मारले आणि तीनेक महिन्यांत लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप भरला, वेदना झाल्या, पण ते सावरले.

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे जे कैदी तयार झाले त्यांना लस टोचण्यात आली. बाकीच्यांशी त्यांची तुलना झाली. न टोचलेल्यांपैकी काही जण दगावले. लस उपयोगी ठरते, याचा हा माणसांवरचा पहिला मोठा पुरावा होता.

हाफकिन यांनी कैद्यांना विचारले, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती. त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली गोरे सोल्जर घरांत घुसून रोगी शोधत होते आणि बायाबापड्यांना बळजबरीने तपासत होते.

तरीही कैद्याचा होकार कितपत मोकळा असतो? मुंबईकर गावी पळू शकत होता. कैदी कोठडीतून कुठे जाणार? विचारणारा साहेब, शेजारी उभा राहणारा तुरुंगाधिकारी, आणि बराकीत रोज पसरत जाणारा रोग. अशा वेळी ‘हो’ म्हणणे सोपे होते, ‘नाही’ म्हणणे कठीण.

हा पेच जगाने कागदावर मांडला तो नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर, १९४७च्या न्यूरेम्बर्ग संहितेत. स्वेच्छेची संमती हे तिचे पहिलेच कलम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० साली माणसांवरील संशोधनाबाबतचे आपले धोरण जाहीर केले. पुढच्या मार्गदर्शक तत्त्वांनी कैद्यांना विशेष संरक्षण हवे असलेल्या गटात धरले. २०१९च्या औषधचाचणी नियमांनुसार अशा गटांवर नव्या रसायनाची चाचणी घेताना संमतीचे ध्वनिचित्रमुद्रणही करावे लागते.

याच नियमांनुसार चाचणीला मान्यता देणाऱ्या नीतिसमितीत एक सामान्य नागरिक असावाच लागतो. ती जागा शोभेची नाही. तिथे बसणाऱ्याने संमतिपत्रावरची सही पाहून थांबू नये; या माणसाला नकार देता आला असता का, हे प्रत्येक बैठकीत विचारावे.