रक्ताचा एक थेंब

गेल्या वर्षीच्या मंडळाच्या गणपतीतली गोष्ट. जेवणाच्या रांगेत उभी असताना माझ्या मुलीने डाएट सोड्याचा कॅन उचलला आणि त्यावरची बारीक अक्षरे वाचून विचारले, "बाबा, फिनाइलकिटोन्युरिक म्हणजे कोण? त्यांच्यासाठी इथे सूचना कशाला लिहिली आहे?"

मी पडलो संगणकवाला. जीवशास्त्राशी संबंध बारावीतच सुटला. पण या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, कारण ते शोधण्याची वेळ तिनेच माझ्यावर आणली होती, वयाच्या दहाव्या दिवशी!

जन्मानंतर तिच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताची चाचणी पुन्हा करावी लागेल, असा फोन आला होता. दुसरा निकाल येईपर्यंतचे चार दिवस आम्ही दोघांनी कसे काढले ते सांगत नाही. भारतातून दोन्ही आज्यांचे फोन आले आणि दोघींचे पहिले वाक्य एकच होते, "आमच्याकडे तर असं कोणी नाही हो!" दुसरा निकाल चांगला आला, घरात पेढे वाटले गेले आणि सगळे तो विषय विसरले. मी मात्र विसरलो नाही. त्या चार रात्रींत जे वाचायला सुरुवात केली, ते वाचन पुढेही चालूच राहिले. त्यातूनच हा लेख.

ही गोष्ट सुरू होते आपल्या न्यू जर्सीतच. राज्याच्या दक्षिण भागात व्हाइनलँड नावाचे गाव आहे. तिथे मतिमंद मुलांसाठी एक नावाजलेली संस्था होती. १९०६ साली हेन्री गोडार्ड नावाचे मानसशास्त्रज्ञ तिथे संशोधन प्रमुख म्हणून आले. फ्रान्समधल्या बिने यांची बुद्धिमापन चाचणी अमेरिकेत आणली ती त्यांनी. १९१२ साली त्यांनी 'कॅलिकॅक' या टोपणनावाने एका कुटुंबाचा इतिहास प्रसिद्ध केला. सारांश असा, की मंदबुद्धी ही रक्तातूनच येते, पिढ्यान् पिढ्या उतरते आणि तिच्यावर उपाय एकच, अशा माणसांना मुले होऊ न देणे.

पुस्तक तुफान खपले. पुढे त्यातला पुरावा किती तकलादू होता हे उघड झाले आणि १९२८ साली खुद्द गोडार्ड यांनीही आपली बरीच मते बदलली. पण तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. याच गोडार्ड यांच्या सहाय्यकांनी एलिस बेटावर बोटीतून उतरणाऱ्या स्थलांतरितांच्याही चाचण्या घेतल्या. त्यांनी निवडलेल्या ज्यू, इटालियन, हंगेरियन आणि रशियन लोकांपैकी पाचांतले चार जण मंदबुद्धी ठरले! दिवसचे दिवस समुद्रावर काढून, परक्या भाषेच्या देशात पाऊल ठेवताच परीक्षेला बसवलेली ही माणसे. मंडळी, आपण विमानाने आलो आणि शंभर वर्षांनी आलो, हे आपले नशीब.

या विचाराचे कायदेही झाले. १९११ साली न्यू जर्सीचे गव्हर्नर वुड्रो विल्सन यांनी सक्तीच्या नसबंदीच्या कायद्यावर सही केली. दोन वर्षांत राज्याच्या न्यायालयाने तो रद्द केला, पण १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियाचा तसाच कायदा वैध ठरवला. विसाव्या शतकात या देशात ६०,००० हून अधिक लोकांची अशी नसबंदी झाली.

१९२९ साली व्हाइनलँडच्या त्याच संस्थेत नऊ वर्षांची एक मुलगी दाखल झाली. तिचे नाव कॅरोल. तिची आई म्हणजे 'गुड अर्थ' लिहिणाऱ्या आणि १९३८ साली नोबेल मिळवणाऱ्या पर्ल बक. कॅरोलचा जन्म १९२० साली चीनमध्ये झाला. गोरीपान, दिसायला सुंदर मुलगी, पण बुद्धीची वाढ खुंटलेली. आईने डॉक्टरांचे उंबरे झिजवले, पण कारण कोणी सांगू शकले नाही. तिच्या संस्थेतल्या खर्चाची चिंता हे लेखन करण्यामागचे एक मोठे कारण होते. या मुलीविषयी पर्ल बक यांनी वर्षानुवर्षे जाहीर वाच्यता केली नाही. १९५० साली मात्र त्यांनी धीर करून तिची कहाणी छापली, आणि हजारो आईबापांना आपण एकटे नाही हे कळले.

कॅरोलला काय झाले होते, याचा धागा नॉर्वेत सापडला, तोही एका आईच्या चिकाटीमुळे. बोर्गनी एगेलँड यांची दोन्ही मुले, लिव्ह आणि डाग, मतिमंद होती आणि दोघांच्या अंगाला एक विचित्र कुबट वास येई. हा वास कशाचा, हा प्रश्न घेऊन ही बाई डॉक्टरांमागून डॉक्टर करत राहिली. १९३४ साली ती आस्ब्यॉर्न फॉलिंग यांच्याकडे पोहोचली. ते डॉक्टर तर होतेच, शिवाय रसायनशास्त्रही शिकलेले होते. मुलांच्या लघवीत त्यांनी फेरिक क्लोराइड टाकले आणि ती गर्द हिरवी झाली. असे त्यांनी कधी पाहिले नव्हते. आईने लिटरच्या लिटर लघवी आणून दिली, त्यातून त्यांनी तो पदार्थ वेगळा काढला. मग संस्थांमधल्या शेकडो मुलांना तपासले, तेव्हा तोच दोष आणखी काही जणांत सापडला. पुढे त्याचे नाव पडले फिनाइलकिटोन्युरिया, थोडक्यात पीकेयू.

भानगड अशी, की प्रथिनांत फिनाइलॲलनिन नावाचा एक घटक असतो. त्याचे रूपांतर करणारे एन्झाइम या मुलांच्या यकृतात नीट काम करत नाही. मग तो घटक रक्तात साठत जातो आणि वाढत्या मेंदूला इजा करतो. दोष खराच आनुवंशिक, पण तो दिसायला आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशी सदोष जनुकाची दोन्ही पाने यावी लागतात. एकच पान असलेले आईबाप ठणठणीत असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला धोका चारात एक.

आता जरा हिशोब करू. साधारण पन्नासात एक माणूस असा वाहक असेल, तर अडीच हजारांत एका जोडप्यात दोघेही वाहक, आणि दहा हजारांत एक मूल आजारी. म्हणजे जनुक जवळजवळ सगळे निरोगी माणसांतच दडलेले! रुग्णांची नसबंदी करून ते जाणार कसे? १९४६ साली लंडनमध्ये लायनेल पेनरोज यांनी पीकेयूचेच उदाहरण घेऊन नसबंदीवाद्यांचा फोलपणा दाखवून दिला.

उपाय निघाला १९५१ च्या सुमारास बर्मिंगहॅममध्ये, आणि तिथेही एक आईच होती. शीला नावाची मुलगी. बसता येत नाही, बोलता येत नाही, सारखी डोके आपटते. तिची आई रोज सकाळी डॉ. हॉर्स्ट बिकेल यांच्या प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राही. निदान झाले आहे, पण उपचार नाही, हे तिला मान्यच नव्हते. शेवटी बिकेल आणि सहकाऱ्यांनी फिनाइलॲलनिन काढून टाकलेले अन्न तयार केले. काही महिन्यांत शीला रांगू लागली, आधाराने उभी राहू लागली. पण मेंदूची झालेली इजा भरून आली नाही. उपाय होता, पण त्याला उशीर झाला होता.

मग वेळेवर ओळखायचे कसे? लघवीत खूण दिसेपर्यंत काही आठवडे जातात. याचे उत्तर मिळाले बफेलोत. मी एम. एस. त्याच गावात केले. हिवाळ्यात तिथल्या बर्फाला शिव्या घालण्यापलीकडे गावाचा इतिहास तेव्हा मला काही माहीत नव्हता! डॉ. रॉबर्ट गथ्री यांचा स्वतःचा एक मुलगा मतिमंद होता, आणि मेहुणीच्या मुलीला पीकेयू निघाला, तोही उशिरा. त्यांनी शोधलेली युक्ती साधी होती. बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब टीपकागदावर घ्यायचा आणि त्याची चकती जिवाणू पेरलेल्या थराळीत ठेवायची. रक्तात फिनाइलॲलनिन जास्त असेल तरच तिच्याभोवती जिवाणू वाढतात. कागद पोस्टाने पाठवता येई आणि खर्च अगदी कमी. १९६३ साली मॅसॅच्युसेट्सने ही चाचणी कायद्याने सक्तीची केली, मग एकेक करून इतर राज्यांनी. आज न्यू जर्सीत त्याच थेंबांवरून ५० हून अधिक विकार तपासले जातात.

वेळेवर सापडलेले मूल आज इतरांसारखे शाळा-कॉलेजात जाते. पथ्य मात्र जन्मभराचे. आपल्या स्वयंपाकघरात कल्पना करा. वरण, दूध, दही, पनीर, सगळे बंद, भातसुद्धा मोजून. साबुदाणा चालेल, पण दाण्याचे कूट नाही! प्रथिनांची गरज भागवायला खास पेय घ्यावे लागते. २००७ नंतर काही जणांना उपयोगी पडणारी औषधेही आली आहेत. आणि डाएट सोड्यातल्या ॲस्पार्टेममधून फिनाइलॲलनिन मिळते, म्हणून कॅनवर ती सूचना.

कॅरोल बकलाही पीकेयूच होता, हे ती मोठी झाल्यावर कळले. ती १९९२ पर्यंत जगली. ज्या संस्थेतून 'रक्तातच आहे, इलाज नाही' असे जगाला सांगितले गेले, तिथेच ती राहत होती; आणि तिच्या रक्तातल्या दोषाला इलाज होता, फक्त तो तिच्या जन्मानंतर तीस वर्षांनी सापडला.

हे सगळे मुलीला सांगताना मला माझी आत्या आठवत होती. तिचा धाकटा मुलगा असाच होता. पाहुणे आले की त्याला माजघरात नेत आणि दार लोटून घेत. त्याला नेमके काय झाले होते कोणालाच माहीत नाही, कारण कोणी तपासलेच नाही. दोष मात्र ठरलेला होता, आत्याच्या माहेरचा, म्हणजे आमच्या घराण्याचा. तिने तो मुकाट्याने जन्मभर ऐकला. निम्मे पान दुसऱ्या घराण्याचे असू शकते, हे तिला सांगणारे कोणी नव्हते. भारतात आजही देशभर प्रत्येक बाळासाठी सक्तीची अशी चाचणी नाही.

तेव्हा मंडळी, तुमच्या किंवा भारतातल्या नात्यातल्या घरात पाळणा हलणार असेल, तर बारशाच्या तयारीबरोबर या चाचणीची चौकशी जरूर करा. आणि फोन आलाच, तर "कोणाकडून आलं?" हा प्रश्न बाजूला ठेवून "आता काय करायचं?" हा प्रश्न आधी विचारा. नॉर्वेतल्या आणि बर्मिंगहॅममधल्या त्या दोन आयांनी तोच विचारला होता.

मुलीने सगळे ऐकून घेतले, कॅन परत टेबलावर ठेवला आणि विचारले, "मग आत्याआजीला हे कोणी सांगितलं का?"

आत्या जाऊन आता बरीच वर्षे झाली.