लिंबू फुलपाखराचे रूपांतरण : घरच्या बागेतील निरीक्षण

लिंबू फुलपाखरू (पॅपिलिओ डेमोलिअस) पॅपिलिओनिडी कुलातील असून त्याचे शास्त्रीय वर्णन लिनीअसने १७५८ मध्ये केले. काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके आणि मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात तांबडा ठिपका ही त्याची खूण. या कुलातील अनेक जातींना असते तशी शेपटी त्याच्या पंखांना नसते. मादी लिंबू, कढीपत्ता व बेल यांच्या कोवळ्या पालवीवर अंडी घालते. त्यामुळे गॅलरीतल्या कुंडीतही अंड्यापासून फुलपाखरापर्यंतच्या चारही अवस्था पाहता येतात. उबदार हवेत हे चक्र सुमारे महिनाभरात पुरे होते.

अंडी : मादी एकेका जागी एकच अंडे घालते. ते गोल, फिकट पिवळे आणि मोहरीपेक्षा लहान असते. साधारण ३ ते ५ दिवसांत अळी बाहेर पडते व बहुधा आधी अंड्याचे कवच खाते.

अळी : चार वेळा कात टाकून अळी पाच टप्प्यांत वाढते. पहिल्या चार टप्प्यांत तपकिरी-पांढऱ्या रंगामुळे ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. पाचव्या टप्प्यात ती हिरवी होऊन पानांत मिसळून जाते. डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी-तांबडे, दुभागलेले शिंगासारखे इंद्रिय बाहेर काढते व उग्र वास सोडते. या अळ्या लिंबूवर्गीय रोपवाटिकांत कीड मानल्या जातात. कुंडीतल्या लहान रोपाचीही पालवी त्या फस्त करू शकतात.

कोष : पूर्ण वाढलेली अळी खाणे थांबवते, पातळ विष्ठा टाकते आणि जागा शोधत रोपापासून दूरही जाते. ‘अळी नाहीशी झाली’ असे वाटते ते बहुधा याच वेळी, म्हणून शेजारच्या कुंड्या, काठ्या आणि भिंतीही पाहाव्यात. काडीवर रेशमाची गादी विणून ती मागचे टोक रोवते, कमरेभोवती रेशमी धागा घेते आणि शेवटची कात टाकते. आधार व परिसरानुसार कोष हिरवा किंवा तपकिरी होतो. आत अळीचे बरेच ऊतक विरघळते आणि अळीत आधीपासूनच असलेल्या पेशीसमूहांतून पंख, पाय व डोळे घडतात.

प्रौढ : उन्हाळ्या-पावसाळ्यात कोषातून साधारण ८ ते १२ दिवसांत फुलपाखरू बाहेर येते. थंडीत जास्त दिवस लागतात. आदल्या दिवशी कोष काळपट होऊन पंखांची नक्षी आरपार दिसते. फुलपाखरू बहुधा सकाळी बाहेर पडते. चुरगळलेल्या पंखांच्या शिरांत शरीरद्रव ढकलून ते पंख पसरवते आणि सोंडेचे दोन अर्धे भाग जुळवते. पंख वाळेपर्यंत त्याला लटकण्यास मोकळी जागा हवी. या वेळी हात लावल्यास पंख कायमचे वाकडे राहू शकतात.

निरीक्षणाची पद्धत : रोपावर कीटकनाशक फवारू नये. अळी घरात पाळायची असल्यास बरणीच्या तोंडाला मलमल बांधावी, रोज ताजी पाने द्यावीत, विष्ठा काढावी आणि एक उभी काडी ठेवावी. तारीख, लांबी, रंग व कात यांची नोंद ठेवावी. कोषाला बारीक भोक पडून त्यातून छोट्या गांधीलमाश्या निघाल्या, तर परजीवींनी तो आतून खाल्ला असे समजावे. अशी नोंदही पूर्ण निरीक्षणच होय.